विस्मृत सेनानी : जगन्नाथराव भोसले

पुण्याहून लोणावळ्याकडे आगगाडीने निघाले म्हणजे खडकी, दापोडी, कासारवाडी ही स्थानके मागे पडतात आणि पिंपरी येते. स्थानकाजवळच्या बाजारपेठेला लोक आजही ‘पिंपरी कॅम्प’ याच नावाने ओळखतात. आजूबाजूस आता कारखान्यांचे एक विशाल नगर वसले आहे. हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा सरकारी कारखाना येथे १९५४ च्या सुमारास उभा राहू लागला, त्यामागून मोटारींचे, यंत्रांचे व अवजारांचे कारखाने आले, आणि आज हा औद्योगिक पट्टा थेट चाकणपर्यंत जाऊन भिडला आहे. परंतु बाजारपेठेचे ‘कॅम्प’ हे नाव कारखान्यांच्या आधीचे आहे. फाळणीनंतर सिंध प्रांतातून घरदार सोडून आलेल्या कुटुंबांची वसाहत येथे झाली. तिची आठवण या एका शब्दात शिल्लक उरली आहे.

अशा वसाहती त्या काळी देशभर होत्या. मुंबई इलाख्यात कल्याणजवळची छावणी सर्वांत मोठी. तिचेच पुढे उल्हासनगर झाले. १९५१ च्या खानेसुमारीत भारतातील निर्वासितांची संख्या सुमारे ७३ लाख भरली. एवढ्या मोठ्या समाजाची व्यवस्था लावण्यासाठी मध्यवर्ती सरकारने पुनर्वसनाचे स्वतंत्र खाते चालविले होते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर, म्हणजे १९५२ मध्ये, या खात्याच्या उपमंत्रिपदी ज्यांची नेमणूक झाली ते गृहस्थ कोकणातील होते, मराठी होते, आणि त्याआधी सात वर्षांपूर्वीपर्यंत नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या आझाद हिंद फौजेचे एक मेजर-जनरल होते. त्यांचे नाव जगन्नाथराव कृष्णराव भोसले.

हे नाव किती मराठी घरांत आज ओळखीचे आहे? आझाद हिंद फौज म्हटली की शहानवाज खान, सहगल आणि धिल्लाँ ही तीन नावे आपल्या ओठांवर येतात. झाशी राणी पलटणीच्या कॅप्टन लक्ष्मी आठवतात. त्यांच्याहून वरच्या हुद्द्यावर असलेला आणि आपल्याच प्रांतातला एक सेनानी मात्र आठवत नाही. असे का व्हावे, हे त्यांच्या चरित्रावरून पाहण्यासारखे आहे.

जगन्नाथरावांचा जन्म १९०६ साली झाला. सावंतवाडी संस्थानातील तिरोडे हे त्यांचे गाव आणि सावंतवाडीचे भोसले हे त्यांचे कूळ. या कुळाने दक्षिण कोकणात कित्येक पिढ्या सत्ता चालविली होती. एकीकडे गोव्याचे पोर्तुगीज, दुसरीकडे कोल्हापूरकर, समुद्रावर इंग्रज, अशा तिघांच्या कात्रीत राहून आपले लहानसे राज्य टिकविले होते. अशा कुळात जन्मलेल्या मुलास तलवारीचा वारसा सांगावा लागत नाही. परंतु विसाव्या शतकात तलवारीचा काळ संपला होता. लष्करात मानाने शिरावयाचे तर इंग्रज सरकारच्या दारातूनच जावे लागे.

हे दार तेव्हा नुकतेच, आणि तेही किलकिले, उघडले होते. पहिल्या महायुद्धापर्यंत हिंदी माणसास पलटणीत सुभेदार-मेजरपलीकडे चढता येत नसे. विलायतेहून नुकताच आलेला विशीतला गोरा लेफ्टनंटसुद्धा त्याचा वरिष्ठ असे. युद्धानंतर विलायतेतील सँडहर्स्ट येथील लष्करी विद्यालयात दरसाल दहा हिंदी तरुणांस जागा मिळू लागल्या. त्यांची पूर्वतयारी करून घेण्यासाठी १९२२ साली डेहराडून येथे प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या नावाने एक शाळा निघाली. मुले निवडताना सरकारची नजर विशेषेकरून संस्थानिकांच्या, सरदारांच्या व लष्करी परंपरेच्या घराण्यांकडे असे. हिशेब सरळ होता. ज्यांच्याजवळ जमीनजुमला व मानमरातब आहे ते राज्याशी इमानी राहतील, अशी सरकारची अटकळ होती.

जगन्नाथराव या शाळेतून निघाले, सँडहर्स्टला गेले आणि १९२८ मध्ये बादशाही सनद घेऊन हिंदी सैन्याचे अंमलदार झाले. त्यांच्याच वयाचा आणखी एक मराठी तरुण दोन वर्षांपूर्वी त्याच विद्यालयातून बाहेर पडला होता. ते कोल्हापूरकडील शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. दोघांचे जन्मसाल एक, विद्यालय एक, सनद एका बादशहाची. पुढे एका महायुद्धाने या दोघांस परस्परविरुद्ध बाजूंस नेऊन उभे केले. थोरातांचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

दुसरे महायुद्ध पूर्वेकडे पेटले तेव्हा जगन्नाथराव लेफ्टनंट-कर्नलच्या हुद्द्यास पोहोचले होते आणि रॉयल गढवाल रायफल्सच्या एका पलटणीबरोबर मलायात होते. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. जो किल्ला अजिंक्य म्हणून सांगितला जात होता तो जपान्यांनी युद्ध सुरू झाल्यापासून सत्तर दिवसांत घेतला. दोन दिवसांनी, १७ फेब्रुवारीस, फॅरर पार्क नावाच्या मैदानावर चाळीस हजारांहून अधिक हिंदी सैनिक जमविण्यात आले. गोरे अंमलदार त्यांच्यापासून आधीच वेगळे काढले होते. एका इंग्रज अंमलदाराने त्या सर्वांस जपान्यांच्या स्वाधीन केले. आपल्या राजाने आपल्याला सोपवून दिले, ही भावना त्या मैदानावर पुष्कळांच्या मनात शिरली आणि तिच्यातूनच कॅप्टन मोहनसिंग यांच्या पुढाकाराने आझाद हिंद फौजेचा जन्म झाला.

येथे प्रश्न सोपा नव्हता, हे नीट समजून घेतले पाहिजे. सैनिकाने शपथ घेतलेली असते. ती मोडावी काय? जपानी लोक आज मदत देतात, उद्या तेच मालक होऊन बसणार नाहीत कशावरून? घरी बायकामुले इंग्रजी राज्यात आहेत, त्यांचे काय होईल? या प्रश्नांची उत्तरे निरनिराळ्या माणसांनी निरनिराळी दिली. हजारो सैनिक फौजेत गेले. हजारोंनी नकार दिला. नकार देणाऱ्यांपैकी पुष्कळांस जपान्यांनी न्यू गिनीसारख्या दूरच्या बेटांवर मजुरीस धाडले आणि त्यांतील कित्येक उपासमारीने व रोगराईने मेले. दोन्हीकडे प्रामाणिक माणसे होती. म्हणून एका बाजूस वीर व दुसऱ्या बाजूस भ्याड अशी वाटणी करणे अन्यायाचे होईल.

जगन्नाथराव फौजेत गेले. या घटनेतला एक तपशील ध्यानात घेण्याजोगा आहे. मोहनसिंग इंग्रजी सैन्यात केवळ कॅप्टन होते. भोसले लेफ्टनंट-कर्नल, म्हणजे दोन पायऱ्या वर. लष्करात ज्येष्ठता हा प्राणाहून प्रिय विषय असतो. तथापि नव्या फौजेत मोहनसिंग जनरल झाले आणि भोसल्यांनी त्यांच्या हाताखाली ‘हिंदुस्थान फील्ड फोर्स’ या दलाचे आधिपत्य स्वीकारले. १९४२ च्या सप्टेंबरात फौजेची रीतसर उभारणी झाली तेव्हा तिच्यात सुमारे सोळा हजार लोक होते.

चार महिन्यांत ही इमारत ढासळली. जपान सरकार फौजेस बरोबरीच्या मित्राची वागणूक देईना, लेखी वचन देईना. वाद विकोपास जाऊन २९ डिसेंबर १९४२ रोजी जपान्यांनी मोहनसिंगांस अटक केली. फौज मोडल्याचे आधीच जाहीर झाले होते. पुढारी कैदेत, सैनिक संभ्रमात आणि आपसांत संशय. सुभाषबाबू तेव्हा जर्मनीत होते. त्यांना पूर्वेस येण्यास अजून सहा महिने लागणार होते.

या सहा महिन्यांचे महत्त्व इतिहासाच्या शालेय पुस्तकांत आढळत नाही. नेताजी आले, त्यांनी ‘चलो दिल्ली’ची घोषणा केली आणि फौज उभी राहिली, असे वाचून आपली समजूत होते की हाकेसरशी सैन्य आकाशातून उतरले. वस्तुस्थिती निराळी होती. १९४३ च्या आरंभी राशबिहारी बोस यांच्या देखरेखीखाली फौजेची पुन्हा जुळवाजुळव करण्यात आली. त्यासाठी एक लष्करी कार्यालय स्थापन झाले आणि त्याचे मुख्य संचालक भोसले झाले. ज्यांची नावे पुढे गाजली त्यांपैकी शहानवाज खान हे या कार्यालयात सेनाकार्याचे प्रमुख होते, तर सहगल हे लष्करी चिटणीस होते. विस्कटलेले सैनिक पुन्हा गोळा करणे, कोण राहतो व कोण जातो हे ठरविणे, तुकड्या बांधणे, अंमलदार नेमणे, जपान्यांशी रोजचे व्यवहार मिटविणे, हे सारे काम या मंडळींनी केले. २ जुलै १९४३ रोजी नेताजी सिंगापुरास उतरले आणि तीनच दिवसांनी त्यांनी फौजेची पाहणी केली, तेव्हा त्यांच्यापुढे शिस्तीने उभे असलेले सैन्य होते. त्या शिस्तीमागे कोणाचे परिश्रम होते, हे सांगण्याची गरज कोणास वाटली नाही.

२१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापूरच्या कॅथे नाट्यगृहात आझाद हिंदचे हंगामी सरकार जाहीर झाले. त्याच्या मंत्रिमंडळात सैन्याचे प्रतिनिधी म्हणून जे आठ अंमलदार घेतले होते, त्यांत लेफ्टनंट-कर्नल भोसले होते. ज्या घराण्यांच्या इमानाचा हिशेब करून इंग्रजांनी मुले निवडली होती, त्यांतल्याच एका घराण्याचा मुलगा अशा रीतीने इंग्रजांविरुद्ध युद्ध पुकारणाऱ्या सरकारात जाऊन बसला. पुढे त्यांना मेजर-जनरलचा हुद्दा मिळाला. नेताजी स्वतः सरसेनापती होते. त्यांच्या हाताखाली सर्व सैन्याची व्यवस्था पाहणारे प्रमुख, ज्यांना लष्करी भाषेत ‘चीफ ऑफ स्टाफ’ म्हणतात, ते भोसले होते.

हे पद म्हणजे काय, हे नागरिकास सहसा ठाऊक नसते. घरात लग्नकार्य निघाले म्हणजे मांडवात मिरविणारे निराळे आणि कोठीची किल्ली कमरेला लावून पहाटेपासून राबणारे निराळे. पाहुणे जेवून तृप्त होऊन जातात, पण कोठीवर कोण होते हे विचारीत नाहीत. सैन्यातही असेच आहे. किती शिधा, किती काडतुसे, किती औषध, कोणती तुकडी कोणत्या गाडीने कोठे जाणार, आजाऱ्यांस मागे कोण आणणार, मेलेल्यांच्या जागी कोणास पाठविणार, हा सर्व हिशेब ‘स्टाफ’ने ठेवावयाचा असतो. आझाद हिंद फौजेत हे काम दुप्पट कठीण होते. तिला स्वतःची आगबोट नव्हती, विमान नव्हते, तोफखाना जवळजवळ नव्हता. मलायातील रबराच्या मळ्यांवरचे तामिळ मजूर, दुकानदार, कारकून असे हजारो लोक, ज्यांनी कधी बंदूक हाती धरली नव्हती, ते भरती होत होते. पंजाबी शिपाई आणि तामिळ मजूर यांस एका हुकमाखाली आणावयाचे म्हणून रोमन लिपीत लिहिलेली हिंदुस्तानी भाषा वापरात आली. हिंदू, मुसलमान व शीख एका पंक्तीस जेवू लागले. भाषणाने मन तयार होते हे खरे. परंतु पंगत रोज वाढावी लागते.

१९४४ मध्ये इम्फाळच्या मोहिमेत फौजेचा पराभव झाला. शत्रूइतकेच प्राण मलेरियाने, उपासमारीने आणि पावसाने घेतले. १९४५ च्या ऑगस्टमध्ये जपान शरण गेला तेव्हा भोसले बँकॉक येथे होते. १६ ऑगस्टला सिंगापूर सोडून नेताजी बँकॉकला आले व दुसऱ्या दिवशी सायगावकडे गेले. त्यानंतर तैपेई येथील विमान-अपघाताची वार्ता आली. विजयी सैन्याच्या सेनापतीचे काम सोपे असते. हरलेल्या आणि नेता हरपलेल्या फौजेस शांतपणे शत्रूच्या स्वाधीन करण्याचे काम कोणासही नको असते. सयाममध्ये ते भोसल्यांच्या वाट्यास आले. पुढे कैदी होऊन ते हिंदुस्थानात परतले.

यानंतर जे घडले त्यातच त्यांच्या विस्मृतीचे बीज आहे. ५ नोव्हेंबर १९४५ रोजी दिल्लीच्या लाल किल्ल्यात पहिला खटला उभा राहिला. आरोपी तीन : शहानवाज खान, सहगल आणि धिल्लाँ. एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख. भुलाभाई देसाई यांनी बचावाची बाजू मांडली. जवाहरलालजींनी कित्येक वर्षांनी वकिलाचा झगा अंगावर चढविला. सारा देश वर्तमानपत्रांतून तो खटला वाचीत होता. ३१ डिसेंबरला निकाल लागला आणि जन्मठेपेची शिक्षा सेनापती ऑकिनलेक यांना लोकमतापुढे नमून रद्द करावी लागली. त्या तीन अंमलदारांचे शौर्य व त्यांची लोकप्रियता वाजवीच होती. परंतु ते खटल्यात होते म्हणून घरोघरी पोहोचले. भोसल्यांवर असा खटला झाला नाही. १९४६ मध्ये त्यांची सुटका झाली. जो कोर्टात उभा राहिला तो इतिहासात गेला. जो कचेरीत बसला होता तो कागदपत्रांत राहिला.

आता थोरातांकडे वळू. १९४५ च्या जानेवारीत ब्रह्मदेशात आराकानच्या किनाऱ्यावर कांगॉ येथे घनघोर लढाई झाली. तेथे इंग्रजांच्या बाजूने पंजाब पलटणीचे नेतृत्व लेफ्टनंट-कर्नल थोरातांनी केले आणि त्यांना डी. एस. ओ. हे मानचिन्ह मिळाले. शेजारच्या पलटणीचे प्रमुख होते लेफ्टनंट-कर्नल थिमय्या. तेही डेहराडूनच्या त्याच शाळेचे विद्यार्थी, आणि त्यांचे सख्खे थोरले बंधू आझाद हिंद फौजेत! एकाच घरात असे दोन रस्ते फुटले होते. स्वातंत्र्यानंतर थिमय्या १९५७ साली भारताचे सरसेनापती झाले. थोरात पूर्व विभागाचे सेनापती झाले. आझाद हिंद फौजेच्या लोकांस मात्र स्वतंत्र भारताच्या सैन्यात परत घेतले गेले नाही. दोन प्रकारच्या शपथा घेतलेली माणसे एका पलटणीत बसविली तर सैन्याची घडी विस्कटेल, असा सरकारचा विचार होता. त्या विचारात तथ्य होते हे मान्य करूनही एवढे म्हणावे लागते की, देशासाठी नोकरी, निवृत्तिवेतन आणि प्राण पणास लावलेल्या हजारो सैनिकांस स्वराज्यात गणवेश मिळाला नाही. स्वातंत्र्यसैनिक म्हणून त्यांना निवृत्तिवेतन देण्याची मध्यवर्ती योजना निघाली ती १९७२ साली. तोपर्यंत पुष्कळांचे डोळे मिटले होते.

चाळिशीत असलेला, शिक्षणाने सैनिक आणि सैन्यास पारखा झालेला मनुष्य अशा वेळी काय करतो? कित्येक कडवट होतात, कित्येक जुन्या गोष्टी सांगत बसतात. जगन्नाथराव १९५२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातून काँग्रेसतर्फे लोकसभेवर निवडून गेले आणि पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. प्रथम अजितप्रसाद जैन व नंतर मेहेरचंद खन्ना हे त्या खात्याचे मंत्री होते. येथेही काम दुसऱ्या रांगेतलेच. आणि येथेच जगन्नाथरावांना ते कार्य सापडले, ज्यावरून त्यांची आठवण राहावयास हवी होती.

निर्वासितांच्या वसाहतींत घरे बांधता येत होती, कर्जे देता येत होती, शाळा उघडता येत होत्या. परंतु ज्या मुलांनी आगी व कत्तली पाहिल्या, ज्यांचे बाप गेले आणि आया छावणीत शिवणकाम करून पोट भरीत होत्या, त्या मुलांचे मन कसे सावरावे? ती मुले शाळेत टिकत नसत, भटकत, मारामाऱ्या करीत. १९५४ च्या जुलैत दिल्लीतील लाजपतनगर येथील कस्तुरबा निकेतन या निर्वासित स्त्रिया व मुले यांच्या संस्थेत भोसल्यांच्या पुढाकाराने एक प्रयोग सुरू झाला. पुढे त्यास ‘राष्ट्रीय शिस्त योजना’ हे नाव मिळाले.

तिची रचना थोडक्यात अशी होती. मुलांना कवायत व व्यायाम शिकवावयाचा. त्याच्या जोडीस राष्ट्रगीते, नाट्य, नृत्य असे कार्यक्रम. देशाच्या इतिहासातील थोरांच्या कथा व नागरिकाची कर्तव्ये यांचे शिक्षण. आणि शेवटी व्यवस्थेचा अनुभव, म्हणजे मेळावे, सभा, शिबिरे मुलांनीच चालवावयाची. बंदूक नाही, सक्तीची भरती नाही. शिपाई तयार करणे हा हेतूच नव्हता. स्वतःच्या पायांवर उभे राहणारे, रांगेत उभ्या असलेल्या शेजाऱ्यास धक्का न देणारे नागरिक तयार करणे हा हेतू होता. मलायातील मजुरांची आणि शिपायांची एक फौज बांधताना जे कौशल्य लागले, तेच येथे निराधार मुलांसाठी वापरले गेले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

प्रयोग यशस्वी होत आहे असे दिसताच निर्वासितांच्या इतर शाळांनी तो उचलला. मग सर्वसाधारण शाळांतूनही मागणी आली. योजना पुढे पुनर्वसन खात्याकडून शिक्षण खात्याकडे गेली. शिक्षक तयार करण्यासाठी राजस्थानात अलवारनजीक सरिस्का येथे शिक्षणकेंद्र निघाले. भोसल्यांचे या कार्याशी नाते मंत्रिपद गेल्यावरही तुटले नाही.

शिस्तीच्या या शिक्षणाबद्दल त्या काळीही मतभेद होते, हे लपविण्याचे कारण नाही. कवायतीने मुले यंत्रासारखी होतील, अशी भीती काही शिक्षणतज्ज्ञांना वाटे. छात्रसेना, बालवीर, व्यायामशिक्षण आणि ही योजना अशी एकाच मुलावर चार हातांनी चार कामे होत होती. त्यांचा मेळ कसा घालावा हे पाहण्यासाठी १९५९ साली पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींवरून १९६५ मध्ये शिस्त योजना इतर कार्यक्रमांत विलीन झाली आणि ‘नॅशनल फिटनेस कोअर’ हे नाव पुढे आले. कालांतराने तिचे शिक्षक राज्यांकडे वर्ग झाले. हे पाहण्यास भोसले हयात नव्हते. १९६३ मध्ये, वयाच्या साठीपूर्वीच, त्यांचा अंत झाला होता.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. थोर कुळातला, विलायतेत शिकलेला, नेताजींच्या मंत्रिमंडळात बसलेला हा मनुष्य विस्मृतीत का गेला? कारण एक नाही. सैन्यात त्यांचे काम पडद्यामागचे. खटल्याच्या प्रसिद्धीतून ते वगळले गेलेले. स्वतंत्र भारताच्या सैन्याने त्यांच्या फौजेस जागा दिली नाही, म्हणून पलटणीच्या इतिहासात नाव नाही. आणि ज्या योजनेत त्यांनी अखेरची वर्षे घातली ती दुसऱ्या नावाखाली विरघळून गेली. महाराष्ट्राच्या पुढील राजकारणात तर त्यांचा आवाज ऐकू येण्याचेच कारण नव्हते. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत कोकणातली राजकीय चित्रे पार पालटून गेली होती.

घराण्याचे मोठेपण येथे उपयोगी पडले नाही, हीही ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. कुळाच्या नावाने डेहराडूनच्या शाळेचे दार उघडले. स्मृतीचे दार त्याने उघडत नाही. तेथे लोकांनी नाव पुन्हापुन्हा उच्चारावे लागते.

मुंबईत मंत्रालयाजवळून, यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानच्या दारावरून जाणाऱ्या रस्त्यास ‘जनरल जगन्नाथराव भोसले मार्ग’ असे नाव आहे. व्याख्यानास, नाटकास, सरकारी कामास येणारी सुशिक्षित मंडळी त्या रस्त्याने नित्य ये-जा करतात. पत्रिकेवर तो पत्ता छापलेला असतो, तो वाचतात, आणि हे जनरल कोणत्या सैन्याचे, हा विचार मनास शिवत नाही. पिंपरीच्या ‘कॅम्पा’चेही तसेच. शब्द जिभेवर असतो, त्यामागची माणसे आठवत नाहीत.

रस्त्यास नाव देणे हे शासनाचे काम. त्या नावाचा अर्थ मुलांस सांगणे हे घरातील वडीलधाऱ्यांचे. पुढील वेळी तो पत्ता हाती येईल तेव्हा शेजारी बसलेल्या मुलाला एवढेच सांगावे की, कोकणातला हा एक सेनानी होता. फौज मोडली होती तेव्हा त्याने ती पुन्हा बांधली, आणि देश फुटला तेव्हा फाळणीने पोरकी केलेली मुले रांगेत उभी करून त्यांना पुन्हा मान वर करून चालावयास शिकविले. मुलाने याहून अधिक विचारले, तर त्या जनरलचे खरे स्मारक तेथेच सुरू झाले असे समजावे.